उद्याचा चमचा

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कान पकडते. फोन केला असता, पण डेअरीतल्या यंत्रांनी तुझे कान निम्मे नेलेत आणि ते तू मेलीस तरी कबूल करणार नाहीस. मागच्या खेपेला मी एक विचारत होते आणि तू भलतंच सांगत होतीस. तेव्हा पत्रच बरं.

इकडे सगळे खुशाल. मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवते, हे दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतात. घरात सध्या दोन फ्रीज आहेत. एक चालतो, दुसरा पोट उघडं टाकून व्हरांड्यात बसलाय, आणि तो बसलाय त्याला चार महिने झाले.

आता मुख्य बातमी. मुलगी घरी येऊन आज तीन आठवडे झाले. सात वर्षांची आहे, पण दिसते पाच वर्षांची. संस्थेतून आली त्या दिवशी चपला काढल्या आणि सगळ्या खोल्यांतून फिरून एकेक कपाट उघडून बघून आली. हे तेव्हापासून तिला तपासनीस म्हणतात. बोलते फार थोडं. हो-नाही मानेनेच. पण चपला ओळीने लावते, आमच्याही लावते. मावशी, मला इतकी आवडली आहे की दुकानात गिऱ्हाइकाला वाचायची अक्षरं दाखवताना मध्येच तिची आठवण येते आणि मी उगाच हसते.

परवा सकाळी तिच्या कपाटाच्या खालच्या खणात मुंग्यांची रांग दिसली. शोधत गेले तर स्वेटरच्या बाहीत गणिताच्या वहीच्या पानांच्या सहा पुड्या. प्रत्येकीत लोण्याचा गोळा. सगळ्यात जुना इतका खवट की कपाट उघडल्याबरोबर नाक धरावं लागलं. आणि मी शहाणीने काय केलं, तर सगळं तिच्यासमोर कचऱ्यात टाकलं, स्वेटर कढत पाण्यात घातला आणि वर विचारलं की असं का केलंस. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तेव्हापासून पावाला लोणी लावून दिलं तर ते चमच्याने खरवडून ताटाच्या कडेला ठेवते आणि कोरडा पाव खाते.

संस्थेच्या बाई महिन्यातून एकदा बघायला येतात. जुलैत शेवटची भेट. त्या भेटीनंतर बाई कागदावर लिहिणार की मूल या घरात रुळलं की नाही. नाही असं लिहिलं तर मुलगी परत जाईल. एका घरातून त्यांनी तसं मूल परत नेलेलं आहे, त्यांनीच सांगितलं. पुड्यांबद्दल मी त्यांना अजून काही बोललेले नाही.

मला कळत नाही की लोणीच का. तूच मला सहाव्या वर्षी घरातल्या लोण्याचा सगळा कारभार दिला होतास. आई गेल्यावर तुझ्याकडे येऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. एवढं भांडं हातात, पण मी चुकूनही बोट घातलं नाही. एवढीशी असून किती समजूतदार होते मी! (तेलाने थबथबलेलं डोकं घेऊन डेअरीत गेलीस ती तू, मी नव्हे. ती गोष्ट मी ह्यांना अजून सांगते आणि हे अजून हसतात.) हिला तसं समजूतदार कसं करू ते सांग.

पत्र लवकर टाक. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
ठमी


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. मुलीच्या देखत लोणी कचऱ्यात टाकलंस? अगं, तीस वर्षं मी पॅकिंगची मुकादम होते. खराब निघालेला माल आम्हीसुद्धा फडकं टाकून झाकून न्यायचो. करणाऱ्याला बघावं लागू नये म्हणून. तुला वाढवताना माझं काय चुकलं ते मी निवांतपणे आठवीन, आता वेळ नाही.

सोबत पार्सल पाठवते आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलंय, हळू उघड. आपली पालथी वाटी आहे. कडेला टवका गेलाय तो तुझ्याच हातचा. वापर विसरली असशील असं वाटत नाही, तरी मुलीला सांगताना चूक नको म्हणून लिहिते. खालच्या मडक्यात गार पाणी. वरच्या वाटीत लोणी भरायचं ते दाबून दाबून, मध्ये हवा राहिली तर घसरून पाण्यात पडतं. मग वाटी पालथी करून पाण्यात बसवायची. पाणी रोज सकाळी बदलायचं, उन्हाळ्यात दोनदा, आणि मडक्याला ओलं फडकं. लोणी मऊ राहतं, वास लागत नाही. जावयांना सांग की फ्रीजमधलं लोणी पावाला लावणं म्हणजे पावाला भोकं पाडणं. शेजारी चिरलेला कांदा असला की लोणीही कांदा होतं. त्यांना राग येईल. येऊ दे, चांगले आहेत ते, राग फार वेळ टिकत नाही.

आता नीट वाच. हे भांडं तुझं नाही आणि जावयांचंही नाही. मुलीच्या हातात दे आणि सांग की आजपासून घरातलं लोणी तिच्या ताब्यात. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही तिच्याकडे मागायचं. ती सगळ्यांना वाढेल आणि स्वतः शेवटी घेईल. चमचा कोरडा, पावाचा चुरा वाटीत जाता कामा नये. आणि आपला उद्याचा चमचा. वाटी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही, तळाला एक चमचा उद्यासाठी राहिलाच पाहिजे, नवं लोणी त्याच्यावर भरायचं. हा नियम तिला पहिल्या दिवशी सांग आणि रोज तिलाच वाटी उघडून बघू दे.

पुड्यांबद्दल पुन्हा चकार शब्द काढू नकोस. नव्या सापडल्या तर तशाच राहू दे. मुंग्यांना मारायला औषध मिळतं.

तू समजूतदार होतीस हे खरं आहे. किती होतीस ते पुन्हा कधीतरी सांगीन.

माझी प्रकृती उत्तम. गुडघा बोलतो, पण मी उत्तर देत नाही. घरातल्या तिघांवर लोभ आहे, त्यात कमी पडायची नाही.

तुझी मावशी


ता. ६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल धडधाकट पोचलं. टवक्यावर बोट फिरवून बघितलं. पडला तेव्हा किती रडले होते ते आठवलं, आणि तू म्हणाली होतीस की आता हे भांडं आपलंच आहे हे कुणालाही ओळखता येईल, तेही आठवलं.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. मी भांडं तिच्या हातात दिलं आणि तू लिहिलंस तसं सांगितलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग घरी आल्यापासून पहिल्यांदा आपणहून एक अख्खं वाक्य बोलली. विचारलं की मी शाळेत गेले आणि तुम्हाला लोणी हवं झालं तर. ह्यांनी सांगितलं की मग आम्ही ती येईपर्यंत थांबू. तिला ते खरं वाटलं नाही. म्हणून हे त्या दिवशी दुपारी खरोखर कोरडा पाव खाऊन थांबले आणि ती आल्यावर ताट घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. आता तपासनीस हे नाव मागे पडलंय. ह्यांनी बढती देऊन तिला मुकादम केलंय.

वाढते कशी ते तू बघायला हवं होतंस. जीभ दातांत धरून पावाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी पोचवते. आमच्या दुकानातला मुख्य कारागीर काच बसवताना इतकी काळजी घेत नाही. मला एवढा अभिमान वाटला की समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंना मी मुद्दाम नाश्त्याला बोलावलं.

आता वाईट बातमी. संस्थेच्या बाई दोन तारखेला आल्या होत्या. चहा, गप्पा, सगळं छान. निघताना मुकादम निरोप द्यायला दारात आली आणि तिच्या फ्रॉकच्या खिशावर तेलकट डाग पसरत चाललेला. खिशात लोण्याचा गोळा. बाईंनी बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिने सांगितलं की संस्थेत लोणी फक्त पाहुणे आले की मिळायचं आणि पाहुणे गेले की बंद व्हायचं. बाई जायला निघाल्या म्हणून तिने घाईने काढून ठेवलं. मी तिच्यासमोर रडले नाही, पण नंतर न्हाणीघरात जाऊन रडले.

आणखी एक भांडण आहे. ती दिवसातून वीसदा वाटी उचलून उद्याचा चमचा आहे का ते बघते. त्यात लोणी दोनदा पाण्यात पडलं. ते एक वेळ ठीक. पण आठवड्याने तळाच्या लोण्याला वास यायला लागला. हे म्हणतात की जुन्या लोण्यावर नवं भरणं हीच मुळात चूक आहे, जुनं नव्यालाही खराब करतं. फ्रीजच्या डब्यातसुद्धा मी दहा वर्षं तळाला चमचाभर ठेवते, त्यावरूनही हे कुरकुरतातच. मी ताडकन सांगितलं की माझ्या मावशीच्या हातून तीस वर्षांत एक डबा परत आला नाही, तुम्ही फ्रीजमध्ये डोकं घाला. दोन दिवस अबोला होता. आता तूच त्यांना चार ओळींत तुझी पद्धत समजावून सांग, म्हणजे ह्यांचं तोंड बंद होईल.

जुलै जवळ येतोय. मला मनातून फार भीती वाटते. आशीर्वाद दे आणि रागावू नकोस.

तुझी,
ठमी


ता. १४ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार ओळींत होणार नाही. बस आणि वाच. जावयांना आत्ताच दाखवू नकोस.

त्यांचं बरोबर आहे. जुन्या लोण्यावर नवं कधीही घालू नये. वाटी रिकामी करावी, कढत पाण्याने धुवावी, उन्हात वाळवावी आणि मगच नवं भरावं. डेअरीत नव्या आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. कुणी जुन्यावर नवं भरलेलं दिसलं तर आवाज न चढवता असं बोलायचे की ती पुन्हा करायची नाही. त्या माझ्याच घरात तू बारा वर्षं जुन्यावर नवं भरत होतीस आणि मी बघत होते.

का ते सांगते. तुझ्या आईनंतर तू माझ्याकडे आलीस त्याला पंधरा दिवस झाले होते. मी सकाळी घाईघाईत खुंटीवरची कामाची पांढरी टोपी डोक्यावर चढवली आणि डेअरीत गेले. पॅकिंगमध्ये यंत्रांची ऊब असते. तासाभरात कपाळावरून काहीतरी ओघळायला लागलं, कानामागून मानेवर, तिथून पाठीत. सगळ्या बायका काम थांबवून बघत होत्या. साहेबांनी विचारलं तर मी सांगितलं की नवीन तेल लावून बघतेय. ते तेल नव्हतं, ठमे. लोणी होतं. तू माझ्या टोपीच्या अस्तरात लपवलं होतंस. घरी येऊन शोधलं तर उशीच्या अभ्र्यात होतं, माझ्या शिवणाच्या डब्यात होतं आणि तुझ्या आईच्या फोटोच्या मागे होतं.

मी तुला काही बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून पालथी वाटी आणली आणि लोण्याचा कारभार तुझ्या हातात दिला. तू हुशार होतीस म्हणून नव्हे. (हुशारही होतीस, ते काढून घेत नाही.) उद्याचा चमचा हा नियम मी त्याच दिवशी, तिथेच उभ्या उभ्या बनवला. जेवण झालं की तू वाटी उचलून बघायचीस, चमचाभर शिल्लक दिसला की तुझे खांदे खाली यायचे. मग मी तो नियम कसा मोडणार?

आता तुझ्या मनात येईल की मग तुझं लोणी कधी खराब कसं झालं नाही. तू शाळेत गेलीस की मी तळाचा चमचा काढायचे, भांडं धुवायचे, वाळवायचे आणि तळाला ताज्या लोण्याचा तेवढाच चमचा भरून ठेवायचे. जुना मी पावाला लावून खायचे. बारा वर्षं तुझा उद्याचा चमचा रोज नवा होता. तूही मुलगी शाळेत गेली की तेच कर. कठीण नाही, दहा मिनिटांचं काम आहे. तुला दुकानात लवकर जायचं असेल तर जावई करतील, त्यांना धुणंपुसणं जमतं.

माझं एक मात्र चुकलं. तू मोठी झाल्यावर मी तुला सांगायला हवं होतं की आता पुरे. तू लग्न होऊन गेलीस, चाळीस वर्षांची झालीस, आणि फ्रीजच्या डब्यातसुद्धा अजून चमचा ठेवतेस. ते तुझ्याच पत्रातून कळलं आणि मला चैन पडेना. तुझा समजूतदारपणा तुला फार प्रिय आहे, म्हणून मी गप्प राहिले. आता तुला राग आला तर येऊ दे.

आणि संस्थेच्या बाईंना सगळं सांगून टाक. पुड्यांचंही. लपवलेलं सापडण्यापेक्षा सांगितलेलं बरं. त्यांना विचार की जिला उद्या या घरात राहायचंच नाही ती इथे साठवेल कशाला?

जावयांना माझा आशीर्वाद. त्यांचं बरोबर होतं हे त्यांना सांग, पण मी तिकडे आल्यावर माझ्यासमोर तो विषय नको. माझ्या मायेत पाणी मिसळलेलं नाही, एवढं मात्र धरून चाल.

तुझी मावशी


ता. २ जून

ती. आजीस,
नमस्कार.

मी मुकादम आहे. आईने सांगितलं की तू पण मुकादम होतीस. इथे ऊन आहे. मी पाणी दोनदा बदलते. फडकं पण. बाबांनी दोनदा मागितलं की दोनदा देते, तिसऱ्यांदा देत नाही. ते रागावत नाहीत. आईला कोपऱ्यात जास्त लागतं.

उद्याचा चमचा असतो. मी रोज बघते. आधी खूपदा बघायची, आता सकाळी आणि संध्याकाळी. स्वेटरमध्ये काही नाही. एकच आहे. मुंग्या नाहीत.

टवका माझ्याने पडला नाही. तो आधीचा आहे. आईने विचारलं तर सांग.

तुझी,
मुकादम


ता. २१ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मार्चनंतर मी तुला फक्त खुशालीची कार्डं टाकली, त्याचा तुला राग आला असेल. तुझं ते पत्र मी दुकानात, डब्याच्या सुट्टीत वाचलं होतं. दुपारी एका आजोबांना त्यांच्या चष्म्याऐवजी माझाच चष्मा लावून दिला. मला राग आला नव्हता. लाज वाटली होती थोडी, आणि नंतर ते तुझ्या कपाळावरून ओघळणारं लोणी डोळ्यांसमोर आलं आणि मी काउंटरमागे बसून इतकी हसले आणि रडले की मालकांनी मला घरी पाठवलं. तेव्हापासून उत्तर लिहायला घेत होते, पण वाट बघत होते. आता लिहिण्यासारखं झालंय.

तू सांगितलंस तसं रोज करत आलो. मुकादम शाळेत गेली की मी किंवा हे, जो घरी असेल तो, भांडं धुऊन वाळवून तळाला ताजा चमचा भरून ठेवत होतो. ह्यांनी तर चमचा किती भरायचा त्याची खूण वाटीच्या आतून पेन्सिलीने केली. मेच्या सुट्टीत एकदा तिने धुतलेली वाटी उन्हात वाळताना बघितलीच, आणि संध्याकाळी ती पुन्हा भरलेलीही बघितली. ह्यांना खरं काय ते सांगितलं. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांना जेमतेम अर्धा मिनिट झाला. मग उठून व्हरांड्यातला फ्रीज दुरुस्त करायला घेतला. आता तो चालतो.

बाईंना एप्रिलमध्येच सगळं सांगितलं. तुझा प्रश्नही विचारला. त्या नुसत्या हं म्हणाल्या, म्हणून शेवटपर्यंत धाकधूक होती.

काल त्या आल्या. शेवटची भेट. सकाळचा नाश्ता आमच्याबरोबरच करीन म्हणाल्या. नेमकं परवा ह्यांच्या हातून लोणी आणायचं राहिलं होतं, वाटीत जेमतेम चौघांपुरतं. मी चौघांचे भाग मनातल्या मनात दोनदा मोजले. मुकादम मात्र गणवेश घालून, केस ओले करून चापून बसवून, भांडं घेऊन बसली. बाईंना पहिलं वाढलं. कोपऱ्यांपर्यंत. बाईंना ते आवडलं असावं, कारण त्यांनी आणखी घ्यायला पावाचा चुरा लागलेली आपली सुरी सरळ वाटीकडे नेली. आणि मावशी, आपल्या मुलीने संस्थेच्या बाईंचं मनगट धरलं! सांगितलं की चुरा गेला तर लोणी खराब होतं, हवं असेल तर मागायचं. हे छताकडे बघायला लागले. बाईंनी सुरी खाली ठेवली आणि मागितलं. मग तिने कोरड्या चमच्याने दिलं.

नंतर ह्यांना वाढलं. नंतर वाटीत बघितलं, तर उद्याचा चमचा तेवढा उरला होता. माझा पाव कोरडा, तिचा पाव कोरडा, आणि पाहुणी समोर बसलेली. मला वाटलं, आता ती वाटी पालथी घालून उठेल, किंवा चमचा खिशात जाईल, आणि बाई वही काढतील. मी तोंड उघडून म्हणणार होते की मला नकोच आहे. म्हटलं नाही, कारण तेवढ्यात तिने चमचा तळाशी घातला. खरवडला. बरोबर मधोमध भाग केले, अर्धं माझ्या पावाला लावलं, अर्धं स्वतःच्या. कोपऱ्यांपर्यंत पोचेना तर बोटाने पसरवलं. आणि रिकामी वाटी बाईंना दाखवून सांगितलं की संपलं, आता ती धुऊन उन्हात ठेवणार, संध्याकाळी बाबा नवं आणतील.

तिने हे सांगितलं ते कसं, तर दिवा लावायचाय, दार लावायचंय असं सांगतात तसं. आणि खायला लागली. मी माझा घास हातात घेऊन बसले होते. मला तो खाववेना. चौतीस वर्षांत मी वाटी रिकामी झालेली बघितली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की कोपऱ्यात कमी पडलं का. मी मान हलवून नाही म्हटलं आणि खाल्ला. सगळा खाल्ला, मावशी.

बाईंनी जाताना विचारलं की कपाट बघू का. तिने स्वतःच उघडून दाखवलं. स्वेटरच्या दोन्ही बाह्या हात घालून उलट्या केल्या आणि म्हणाली की हा आता लहान होतो, संस्थेत कुणाला तरी द्या. बाई तो घेऊन गेल्या. कागद आमच्यासमोरच भरला आणि मला वाचायला दिला. खूप रकाने होते, सगळे भरलेले. शेवटी त्यांच्या हाताने एक ओळ होती की हे मूल आता पाहुण्यांना वाढतं, त्याला पाहुणं समजण्याचं कारण उरलेलं नाही.

मुलगी आमची झाली. मी हे सगळ्या रस्त्याला सांगत सुटले आहे. शिक्षिकाबाईंना तीनदा सांगितलं. आता तुला सांगते आणि थांबते. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं तुझ्याकडे येतो. मुकादमला तुझी टोपी बघायची आहे. तुझी माया मला बारा वर्षं रोज ताजी मिळाली, हे मला चौतीस वर्षांनी कळलं. तिच्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


ता. २९ जुलै

चि. ठमीस आणि चि. मुकादमबाईंस,
दोघींना पोटभर आशीर्वाद. जावयांना वेगळा, भांडं धुतल्याबद्दल.

पत्र परवा आलं. पहिल्यांदा मी एकटीने वाचलं. मग पॅकिंगमधल्या माझ्या जुन्या बायकांना चहाला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. मनगट धरलं तिथे सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. एकीने विचारलं की ही मुलगी कुणावर गेली, तर मी सांगितलं की आमच्याच घराण्यावर, विचारायचं काय त्यात. तेलाची खरी गोष्टही सांगून टाकली. इतकी वर्षं त्या मला ते तेल कुठलं म्हणून विचारत होत्या.

टोपी आहे. धुतली तरी अस्तराचा डाग गेला नाही, आणि मी फार घासलाही नाही. टवका मुकादमच्या हातून पडलेला नाही, हे मी लेखी देते.

आता एक कबूल करते आणि हा विषय संपवते. तू लग्न होऊन गेलीस त्या दिवसापासून माझ्या घरात खाणारी मी एकटी. तरी तळाला चमचाभर ठेवत आले, पालथी वाटी तुझ्याकडे पाठवल्यावर साध्या वाटीतसुद्धा. मुकादम होते, मला सगळं माहीत होतं, आठवड्याला तो चमचा फेकावा लागायचा. पण तू कधी अचानक आलीस आणि वाटी उचलून बघितलीस तर, असं वाटायचं.

आज तुझं पत्र पुन्हा वाचलं, पाव भाजला आणि तो चमचा लावून खाल्ला. वाटी धुतली आणि उन्हात पालथी घातली आहे. घरात लोण्याचा कण नाही. येताना घेऊन या.

तुझी मावशी